ओघळीतले डबे

डेल्मर हॅस्केटने मायतेला कॉफी दिली, लोणी लावलेला पाव दिला आणि वर बजावलं, "हे बघ पोरी, मागच्या उतारावर काही म्हणजे काही नाहीये. जुनिपरची झाडं आहेत, दगड आहेत, एखादा साप असेल. चार पावलं चाल, 'काही नाही' म्हणून लिही आणि मोकळी हो."

"काही नसलं तर तसंच लिहीन, मिस्टर हॅस्केट," मायते म्हणाली.

मायते एचेवेरी ही जमीन खात्याची पुरातत्त्ववाली. आमच्याकडे सरकारी जमिनीवर वणव्याचं जळण कमी करायचं, म्हणजे माजलेली झाडं तोडायची, तर करवतवाल्यांच्या आधी पुरातत्त्ववाल्यांनी ती जमीन पायाखाली घालायची, असा नियम आहे. माणसं ओळीत उभी राहतात, माना खाली घालून सावकाश उतार चढतात आणि काही दिसलं की तिथे तारेची छोटी झेंडी खोचतात. डेल्मरचा जन्म सरकारी रस्त्यांवर मुरूम सपाट करणारं यंत्र हाकण्यात गेलेला. त्याच्या मते काम ते, आणि हा सगळा पगारी फेरफटका.

घाई मात्र त्याला खरोखरच होती. दोन उन्हाळ्यांमागे पलीकडच्या डोंगरावरून वणवा उतरला, तेव्हा त्याची बायको लव्हॉन मांजराला मांडीवर घेऊन दिवसभर पिकअपमध्ये बसून होती आणि काचेवर राख पडत होती. वारा ऐन वेळी फिरला म्हणून घर वाचलं. तेव्हापासून जरा वारा सुटला की लव्हॉन अंथरुणातून उठून खिडकीशी बसायची. "ती झाडं मी तोडून घेतो, तू नीज," असा डेल्मरने तिला शब्द दिला होता, आणि कचेरीत खेटे घालून घालून तिथल्या लोकांना भंडावून सोडलं होतं. अखेर या वसंतात करवतवाले आले. त्यांचा मुकादम कॉर्डेल, लव्हॉनच्या बहिणीचाच मुलगा. पण पक्षी घरटी करायला लागले की करवती बंद, त्या थेट पानगळीत, वणव्याचा हंगाम उलटून गेल्यावर सुरू. कॉर्डेलच्या हातात हा एवढाच आठवडा होता.

दुपारी डेल्मर परसात आला. वरच्या सगळ्या उतारावर एकही झेंडी नव्हती. पण कुंपणाला लागून जी ओघळ होती, जिथे जुनिपर सगळ्यात दाट माजले होते, तिथे झेंड्याच झेंड्या फडफडत होत्या.

"हे काय लावलंयस?" त्याने कुंपणावरून विचारलं.

"डबे सापडलेत," मायते ओघळीतून म्हणाली. "कॉफीचे आहेत, तंबाखूचे आहेत. आणि हे गोल रंगीत, नाताळात मिळतात तसले. पुष्कळ आहेत, एकावर एक."

"अगं, कचरा आहे तो."

"कचऱ्याला पन्नास वर्षं झाली की आम्ही त्याला इतिहास म्हणतो. खालचे काही सहज तेवढे जुने असतील. निकाल लागेपर्यंत ओघळीतल्या झाडांना हात लावता येणार नाही. बाकीचा उतार खुशाल तोडा."

"बाकीच्या उताराचं काय लोणचं घालू? घराला टेकलीत ती झाडं हीच."

मायतेने मान हलवली. तिलाही ते दिसत होतं. "एक गंमत बघा. हे गोल डबे कुणी उघडलेलेच नाहीत. चिकटपट्टीसुद्धा तशीच आहे. कोणी टाकले, कशासाठी टाकले, हे कळलं ना, तर प्रश्नच मिटेल. शिकण्यासारखं काही उरलं नाही असं लिहीन आणि झेंड्या काढीन. टाकणारा माणूस मात्र पुढे यायला हवा."

"आणि तू लिहिलेलं वाचतं कोण?"

"साहेब वाचतील. गावच्या इतिहास मंडळाला प्रत जाईल."

इतिहास मंडळाची चिटणीस लव्हॉन. आणि ते डबे कोणी टाकले हे जगात एकट्या डेल्मरलाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. डेल्मरची आई नाताळात फ्रूटकेक करायची. काळा, जड, दारूत मुरवलेला. डेल्मरला तो लहानपणापासून घशाखाली उतरत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात लव्हॉनने सासूकडून रीत शिकून तोच केक केला आणि रंगीत डब्यात घालून त्याच्यापुढे ठेवला. नवी नवरी, हाताला पीठ, चेहऱ्यावर एवढी आशा. डेल्मर "वा" म्हणाला. "हा मी कामाच्या खोपटात नेतो, पुरवून पुरवून खाईन." तो डबा कुंपणावरून ओघळीत गेला. पुढच्या वर्षी दुसरा आला. एकदा 'वा' म्हणून बसलेला माणूस 'नको' कोणत्या तोंडाने म्हणणार? लग्नाला आता पन्नासच्या वर वर्षं झाली होती, आणि दर नाताळात डेल्मर वा म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो पोतं घेऊन ओघळीत उतरला. चार डबे आत गेले असतील नसतील, तोच वर मायते उभी. आपली वही ती झाडाखाली विसरली होती.

"मिस्टर हॅस्केट, सरकारी जमिनीवरून जुन्या वस्तू उचलणं हा गुन्हा आहे."

"उचलतोय कोण? मी... नीट लावून ठेवत होतो."

"पोत्यात?"

डेल्मरने डबे एकेक करून परत ठेवले. आता काहीतरी बोलणं भाग होतं, आणि त्याने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. "आठवलं मला. मेंढपाळ. पूर्वी इथे मेंढपाळ उतरायचे. त्यांचेच डबे असणार."

मायतेचा चेहरा उजळला. "मेंढपाळ? माझे आजोबा युरोपातल्या बास्क मुलुखातून येऊन याच डोंगरांत मेंढ्या राखायचे. त्यांचा तळ कुठे होता ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही." मग तिने भुवया आवळल्या. "पण वरचे डबे तर कोरे आहेत. ते कसे आले?"

"वाऱ्याने."

"झाकणबंद? एवढे जड?"

"इथला वारा अजून बघितला नाहीस तू."

तिचा त्याच्यावर किती विश्वास बसला कोण जाणे. पण मेंढपाळांचं नाव एका गावकऱ्याने काढलं म्हटल्यावर तिला तपासणं आलंच. दुपारपर्यंत झेंड्या ओघळीतून बाहेर निघून कुंपणाला फेरा घालून डेल्मरच्या खोपटापर्यंत पोचल्या. काल घराजवळची निम्मी झाडं अडली होती, आज सगळीच अडली.

कॉर्डेल टोपी मागे सारून आला. "काका, काय सांगितलंत हो तिला? शुक्रवारी माझी माणसं दुसऱ्या खोऱ्यात चाललीत. ही झाडं राहिली तर राहिली."

"पानगळीत ये."

"येईन. घर असलं तर."

जेवताना लव्हॉनने आणखी एक बातमी दिली. "मायतेचा फोन होता. ओघळीत मेंढपाळांचा तळ निघालाय म्हणे. आमच्या मंडळाच्या बायका उद्या बघायला येणारेत. मी सँडविच करणार आहे. इतकी वर्षं आपल्या परसामागे इतिहास होता आणि तुला पत्ता नाही, डेल्मर?"

डेल्मरने बटाट्यात काटा खुपसला आणि तो तिथेच राहू दिला. तेवढ्यात बाहेर वारा सुटला, पत्रे वाजले आणि लव्हॉनचा हात घास घेता घेता थांबला. तिने खिडकीकडे बघितलं. डेल्मरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी बायका यायच्या आत तो ओघळीत गेला. मायते खाली बसून डबे मोजत होती, कॉर्डेल करवतीच्या खोक्यावर बसून तंबाखू चघळत होता.

"लिहून घे," डेल्मर म्हणाला. "मेंढपाळ बिंढपाळ कुणी नव्हते. डबे माझे. कॉफी-तंबाखूचे मीच रिकामे केलेले, आणि गोलांत फ्रूटकेक आहेत, माझ्या बायकोचे. दर नाताळात ती करायची आणि दर नाताळात मी फेकायचो. ती काय म्हणायचं ते म्हणेल, पण ही झाडं तोडू दे."

मायतेची पेन्सिल थांबली. "कशात फ्रूटकेक आहेत?"

"डब्यांत."

"मिस्टर हॅस्केट, काही डब्यांचे तळ काल गळून पडले. अगदी खालच्या दोनांत काळं विटेसारखं काहीतरी आहे, तो केक असेल. बाकीच्यांत दगड आहेत."

"कडक झाला असेल गं, जुना आहे."

"दगड म्हणजे दगड. नदीतले गोटे. खडखडू नयेत म्हणून मेणकागदात गुंडाळलेत. कालपासून मी डोकं खाजवतेय, की मेंढपाळ असं कशासाठी करतील."

तिने एक गोटा त्याच्या हातात दिला. पांढरा, गुळगुळीत, चांगला वजनदार. डेल्मर त्याच्याकडे आ वासून बघत राहिला.

"तिसऱ्या वर्षापासून," मागून आवाज आला. लव्हॉन सँडविचची टोपली घेऊन कुंपणाशी उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते, डेल्मर? पहिल्या वर्षी वाटलं, हातातून निसटला. दुसऱ्या वर्षी तू चांगला धावत येऊन भिरकावलास."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी रडले. मग म्हटलं, तुझ्या आईची ती रीत, महिनाभर मेवा मुरवा, उठून उठून त्याला दारू पाजा. दगडाला काय, नदीवर जायचं आणि उचलून आणायचा. नाताळात मला पाय पसरून बसायला मिळायला लागलं. कशाला बोलू?"

"आणि मी दरवर्षी..."

"'यंदा झकास झालाय.' हो. ऐकायला बरं वाटायचं." लव्हॉनने टोपली खाली ठेवली. "राग एकदाच आला. गेल्या नाताळात म्हणालास, 'जरा कोरडा झालाय.'"

कॉर्डेल खोक्यावरून घसरला. मायते मान खाली घालून लिहीत होती, पण तिचे खांदे गदगदत होते.

"एवढी वर्षं तोंड उघडलं नाहीस, मग आजच कशाला बोललास?" लव्हॉनने विचारलं.

"झाडं," डेल्मर गोट्याकडे बघत म्हणाला. "तोडून देईन म्हणालो होतो ना."

लव्हॉनने त्याच्या कॉलरवरची धूळ झटकली आणि त्याच्या हातात सँडविच दिलं. मंडळाच्या बायका एव्हाना येऊन घरात कॉफी घेत होत्या, त्यांना काय सांगायचं ते मी बघते, असंही म्हणाली. मायतेने आजोबांच्या तळाची आशा सोडून झेंड्या उपटल्या. शुक्रवारी अंधार पडायच्या आत ओघळीत एक झाड उरलं नव्हतं, आणि स्वतःचे सगळे डबे डेल्मरने पिकअपमध्ये भरून नेले. त्या उन्हाळ्यात वारा कितीदा तरी सुटला. लव्हॉन कूस बदलून झोपून राहायची.

नाताळ आला. लव्हॉनने रंगीत डबा टेबलावर ठेवला. डेल्मरने तो कानाशी धरून हलवला. काहीच वाजलं नाही, पण गोटेही कधी वाजले नव्हते. मोठ्या आशेने त्याने चिकटपट्टी काढली.

आत केक होता. काळा, जड, दारूत मुरलेला.

"महिनाभर खपत होते," लव्हॉन सुरी आणि बशी घेऊन समोर बसली. "माझ्यासाठी तू एवढं केलंस, मलाही वाटलं, काहीतरी करावं."

डेल्मरने खिडकीतून बाहेर बघितलं. झाडं गेल्यामुळे स्वयंपाकघरातून कुंपण, ओघळ आणि वरचा सगळा उतार आता लख्ख दिसत होता. त्याने एक घास घेतला, मग दुसरा.

"कसा झालाय?"

"झकास," डेल्मर म्हणाला. लव्हॉनने त्याच्या बशीत आणखी एक मोठा तुकडा वाढला, आणि त्याला नदीतल्या त्या पांढऱ्या गोट्यांची फार आठवण आली.