सोनवणे काकांची कणीक

सोनवणे काका लग्नाला जाताना पेन विसरतील, पण व्हर्निअर विसरणार नाहीत. आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीतल्या बारशात त्यांनी त्या मापकाने जिलबीची जाडी मोजलेली मी स्वतः पाहिली आहे. मूळचे बीडचे. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं क्वालिटीत होते. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. कुणी म्हटलं, "लिफ्ट जरा खालीच थांबते," की काका विचारणार, "जरा म्हंजे किती? आकडा सांगा."

मध्यंतरी मी गाडीला मोठे, जोरदार ब्रेक बसवून घेतले. त्यावर झोकदार अलॉय व्हील हवी होती. निघोजेच्या दुकानदाराने एक चाक नमुन्याला दिलं. "सतरा इंची आहे, आरामात बसतंय राव!" मी पार्किंगमध्ये जॅक लावला, तोच काका हजर.

"सतरा हे चाकाचं माप झालं. आत ब्रेकला जागा किती?"

"बसतंय म्हणाला तो."

"लग्नाच्या फोटोत तर माझा टाय बी बसलेला हाय. घरातून मळलेली कणीक आणा."

बायकोने खिडकीतून विचारलं, "किती पोळ्यांची?"

"दोन!" काका खालून ओरडले. "मीठ नको, गंजतं!"

डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा ब्रेकचा जाडजूड भाग म्हणजे कॅलिपर. काकांनी त्यावर कणकेच्या गोळ्या चिकटवल्या, चाक चढवलं, नट लावले आणि बाळाचा पाळणा हलवावा तसं हळूच एक फेरा फिरवलं. मग चाक उतरवलं. वरच्या गोळ्या जशाच्या तशा. चाकाच्या आऱ्यांकडच्या मात्र पार पापड! व्हर्निअर लागला.

"अर्धा मिलिमीटर. वळणावर घासलं असतं. तीन तरी पाहिजेत."

चाक फार देखणं होतं. मी चिडलो. "काका, इतकं कोण बघतं?"

"तुमच्या पोरींना याच गाडीतून नेता ना?"

मी चाक परत केलं. दुसरं आणलं, बाहेरच्या बाजूला झुकलेल्या आऱ्यांचं. पुन्हा कणीक, पुन्हा फेरा. चार मिलिमीटर! काकांनी मान डोलावली आणि चारही चाकं चढवून घेतली. "शंभर किलोमीटर झाले की नट परत आवळायचे. रविवारी येतो."

शुक्रवारी कामावरून येताना मी ते गॅरेजात आवळून घेतले आणि काकांना सांगायचं विसरलो. रविवारी आठ वाजता खाली गेलो तर काका इस्त्रीचा शर्ट घालून, पाना, थर्मास आणि दोन कप घेऊन गाडीपाशी बसलेले. काकू वर्षभर कॅनडाला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या.

"कुणी हात लावला न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो.

नट पुरेसा घट्ट असला की तो पाना 'टक' वाजतो. पहिलाच नट, तसूभरही न फिरता, टक.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही कपांत चहा ओतला, आणि दुसऱ्या नटाला पाना लावता लावता नातीच्या पहिल्या दाताची गोष्ट सुरू केली.

वीस नट तपासायला आम्हाला साडेअकरा वाजले.