करकोच्यांनी तपासलेला पाय

एका जंगलात, बाळांनो, शिकाऱ्यांचे फासे फार. त्यात जनावरांचे पाय तुटायचे. म्हणून दूरदेशीच्या करकोच्यांनी शंभर जनावरांना बांबूचे स्वस्त पाय वाटले. वाटताना फोटोही काढले.

ठिपकी नावाच्या हरिणीलाही एक पाय मिळाला. बिचारी हरखून गेली. कारण ओढा आटला की कळप नदीकडे निघायचा. वाट तीन दिवसांची. मागे राहील तो वाघाचा.

आठव्या दिवशी ओढ्याच्या चिखलात तो पाय घोट्यातून मोडला.

दोन महिन्यांनी करकोचे तपासणीला आले. टेकडीवरच्या गुळगुळीत कातळावर त्यांनी बैठक मांडली आणि दवंडी पिटवली, "पाय मिळालेल्या सर्वांनी वर यावे."

सात जण आले.

"चालत आलात ना?" थोरल्या करकोच्यानं विचारलं.

"हो जी."

"सातांपैकी सात! शंभर टक्के यश. लिहा."

"आणि बाकीचे त्र्याण्णव?" झाडावरच्या कावळ्यानं विचारलं.

"नवा पाय मिळालाय. हिंडत असतील कुठंतरी."

एवढं डोकं आपल्या जंगलात पिकत नाही, बाळांनो. ते बाहेरूनच आणावं लागतं.

उन्हं कलताना ठिपकी पोचली. तीन पायांवर, धापा टाकत. तोंडातला मोडका पाय तिनं खाली ठेवला.

"साहेब, हा चिखलात मोडला. दुसरा द्या. परवा कळप निघतोय."

"आम्ही कातळावर तपासलाय. मोडत नाही."

"पण ओढ्यावर कातळ नाही, साहेब."

"मग ती ओढ्याची चूक." थोरल्यानं तिला न्याहाळलं. "तू टेकडी चढलीस कशी?"

"तीन पायांवर. जीव जायचा राहिला नुसता."

"तीन पायांवर टेकडी चढतेस? मग चौथा हवा कशाला? मला बघ, मी एकावर उभा आहे."

होताच उभा, मेला! दुसरा धडधाकट पाय पोटाच्या उबेत दुमडून.

वहीत नोंद झाली : 'ठिपकी. गरज नाही.'

तिसऱ्या दिवशी कळप गेला. ठिपकी आटलेल्या ओढ्यापर्यंत लंगडत गेली आणि तिथंच बसली. करकोचेही त्याच दिवशी मायदेशी निघाले. थोरल्यानं वरून तिला पाहिलं आणि शेवटची ओळ लिहिली : 'एक लाभार्थी निवांत बसलेली दिसली. समाधानी.'

वाघानंही तिला पाहिलं. त्याची तपासणी मात्र अचूक निघाली.

तात्पर्य : मोडका पाय दाखवायला कधी जाऊ नये. गेलात, तर पायाची गरजच नव्हती. न गेलात, तर पाय उत्तम होता.