पेटीचा भाता

एकादशीच्या कीर्तनाची तयारी चालली होती आणि पारोळ्याच्या राममंदिरातली पेटी नुसतीच फुसफुसली. भात्याला हे एवढं भगदाड! बुवा रावेरहून निघालेही होते.

मंदिराचे कारभारी लीलाधरआबा यांनी डोळे बारीक करून देवळात झाडलोट करणाऱ्या हिलालकडे पाहिलं. "हिलाल, पेटीपाशी कोण आलं होतं?"

"पितांबरनाना! मी मन्हा डोयाघाई दखं. पेटीले फुटपट्टी लाई ऱ्हायंता."

पितांबर शाळेत ड्रॉइंगमास्तर. मोडके कॅमेरे आणून जिवंत करायचा त्याला नाद. घडीच्या कॅमेऱ्यालाही भाता असतो. घड्या कशा पडतात ते पाहायला त्याने पेटी मोजली होती, हे खरं.

मंडळी त्याच्या घरी पोचली. खिडकीला घोंगडी, आत अंधार, आणि पितांबर कॅमेऱ्यात पेटती बॅटरी घालून बसलेला.

"भरदिवसा अंधारात काय करतोस रे?"

"नव्या भात्यातून उजेड गळतो का बघतोय, आबा."

"उजेड गळतो म्हणे! आणि भात्याचं हे कातडं कुठलं?"

"जुन्या बॅगेचं अस्तर."

"दाखव बॅग."

"ती तर कापली ना!"

"म्हंजे पुरावाच उरना नही," हिलाल म्हणाला.

"कबूल होईपर्यंत झांजेला हात लावायचा नाही," आबांनी निकाल दिला.

पितांबरचा चेहरा उतरला. बुवांच्या मागे झांज धरायची म्हणजे त्याला जेवणापेक्षा मोठी गोष्ट. तो कॅमेऱ्यासकट देवळात धावला, पेटी उघडली. भगदाडाच्या कडा कुरतडलेल्या. "आबा, उंदीर!"

"इतका प्रसाद सांडलेला टाकून उंदीर कातडं खाईल? देवळातला उंदीर आहे तो!"

तेवढ्यात बुवा आले. पेटीशिवाय कीर्तन? पितांबरने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, सुरी घेतली, त्याचा नवाकोरा भाता भगदाडाच्या मापाने कापला आणि सरसाने चिकटवला. बुवांचा चहा होईतो पेटी गाऊ लागली.

"दखा!" हिलाल ओरडला. "बठ्ठं बराबर बसनं! पेटीनंच कातडं शे!"

कातडं पेटीचंच, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. बुवांच्या कानी गोष्ट गेली आणि त्यांनी ठरवलेलं आख्यानच बदललं. "चुकलेलं लेकरू आज आपल्या पायांनी देवाच्या दारी आलं!" बायांनी पदर डोळ्यांना लावले.

"बुवा, पण मी..." पितांबर उठला.

"रडू नको, बाळा!"

आबांनीही डोळे पुसले आणि झांज त्याच्या हातात दिली.

पितांबरने झांजेकडे पाहिलं. मग तोंड मिटलं आणि ठेका धरला.