आज लाइट का जात नाही?

दुपार झाली तरी लाइट गेली नव्हती, आणि मालकांचा जीव टांगणीला लागला होता.

एरवी त्यांची छोटी कंपनी होती त्या इमारतीत लाइट गेली नाही असा दिवस उगवत नसे. म्हणून तर मालकांनी लाइट गेली तरी लसी थंड ठेवणारी पेटी बनवली होती. पेटी पसंत पडली तर एक बडी परदेशी कंपनी भागीदारी करणार होती. तिच्या इंजिनिअरबाई त्यासाठीच विमानाने आल्या होत्या.

"प्लग काढून दाखवू का?" मालकांनी पुन्हा विचारलं.

"नको. वीज जाते-येते तेव्हाचा झटका पेटी सोसते का, ते बघायचंय," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "रोज जाते, असं तुम्हीच कळवलं होतंत."

"रोज जाते हो! आज काय झालंय तिला, कोण जाणे!"

दिवे लख्ख, पंखे गरागरा. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, तसं मालकांनी मेव्हण्याला कोपऱ्यात ओढलं.

"खाली जा आणि इमारतीचा मेन स्विच पाड."

"अहो दाजी, कुणी पकडलं तर?"

"आणि भागीदारी बुडाली तर तुझ्या बहिणीला तोंड कोण दाखवणार? तू? पळ!"

मेव्हणा पळाला. मालक वळून बघतात तो बाई जागेवर नाहीत. गाडीतली बॅग आणायला त्या लिफ्टमध्ये शिरत होत्या. मालक "थांबा!" म्हणून ओरडले, दार बंद झालं आणि लिफ्ट निघते न निघते तोच लाइट गेली.

"बाई, ठीक आहात ना?" मालकांनी दाराच्या फटीला तोंड लावलं.

"फार अंधार आहे इथे!" आवाज कापत होता.

पाहुणीला काही झालं तर? मालकांना राहवेना. "माफ करा! मीच स्विच पाडायला लावला!"

संपलं सगळं, असं मालकांना वाटलं.

इतक्यात मेव्हणा धापा टाकत जिना चढून आला. "दाजी, स्विचच्या खोलीला कुलूप! वॉचमन किल्ली घेऊन कुठे उलथलाय, देव जाणे. पण लाइट तर आपली आपणच गेली की!"

"काय म्हणतोय तो?" आतून प्रश्न आला. मालकांनी खाली मान घालून शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.

लिफ्टमधून आधी खोकल्यासारखं काहीतरी आलं, मग खळखळून हसू. "खोटं करायला गेलात, ते जमलं नाही, आणि कबूल मात्र करून बसलात! अशी माणसं हिशोबात घोळ नाही घालायची."

लाइट आली. बाई थेट पेटीपाशी गेल्या. तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता. त्यांनी करारावर सही ठोकली.

"चला, खाली सोडतो," मालक लगबगीने लिफ्टकडे धावले.

"भागीदारी पेटीपुरती," म्हणत बाई जिना उतरू लागल्या.