बावीस शेरांची बचत

शंभरातून ऐंशी गेले की वीस उरतात. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या सुताच्या दुकानात गादीवर बसून सिद्धाप्पानं ही वजाबाकी तीनदा केली. तिन्ही वेळा उत्तर वीसच आलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर देवदर्शन झाल्यासारखं तेज पसरलं. शंभर शेर हे त्याचं स्वतःचं वजन होतं. ऐंशी शेर ते व्हायला हवं होतं. मधले वीस शेर म्हणजे गूळ. घरचा, हक्काचा, देवाला न द्यावा लागलेला गूळ.

त्याचं असं झालं होतं की तीन वर्षांपूर्वी सिद्धाप्पा मुदतीच्या तापानं आडवा पडला. वैद्यानं मान हलवली, तशी मैंदर्गीत राहणाऱ्या त्याच्या आईनं, शांतम्मानं, मल्लय्याच्या देवळात जाऊन पदर पसरला. "देवा, माझं लेकरू उठू दे. त्याच्या भारंभार गूळ गावात वाटीन. वाटंस्तोवर गोडाचा कण तोंडात घालणार न्हाय."

लेकरू उठलं. त्या वेळी ते असं वाळलं होतं की पन्नास शेरांत देव, आई आणि गाव सगळेच खूश झाले असते. पण गूळ तेव्हा महाग होता. "अव्वा, भाव जरा उतरू दे की," सिद्धाप्पा म्हणाला. भाव उतरला. तीन वर्षं उतरतच राहिला, कारण जगात मंदी आली होती. आणि त्याच तीन वर्षांत सिद्धाप्पाचं पोट चढतच राहिलं, कारण घरात हेमावती होती आणि तिच्या हाताला तूप मोजायची सवय नव्हती. भावानं खाली यावं आणि पोटानं वर जावं, असा हा व्यवहार कधी फायद्यात येईना. कमरेचा चांदीचा करदोडा मांसात रुतून दिसेनासा झाला. तिकडे म्हातारी सणासुदीला सगळ्यांना पोळ्या वाढून स्वतः आमटी-भाकरी खात होती.

शेवटी माघात तिचा निरोप आला. "चैताच्या यात्रेला गुळाची तुला झालीच पायजे. माझा आता काय भरवसा?"

सिद्धाप्पानं हंगामातला स्वस्त गूळ पाहून शंभर शेरांच्या ढेपा घरात आणून ठेवल्या आणि मग बसून वजाबाकी केली.

पहिलं काम म्हणजे शंभराच्या अंदाजाची खात्री. दुकानात सुताचे गठ्ठे तोलायचा मोठा काटा होता. त्याच्या एका पारड्यात मालक मांडी घालून बसले आणि त्यांचा जुना गुमास्ता धोंडीराम मापं उचलायला वाकला.

"मालक, कंच्या मापानं तोलू? घ्यायच्या का द्यायच्या?"

"आज खऱ्या मापानं तोल."

धोंडीरामानं हातातली मापं खाली ठेवली. "खरी मापं दुकानात न्हाईत, मालक. शेजारनं मागून आणावी लागतील."

शेजारची मापं आली. काटा शंभरावर स्थिरावला.

दुसऱ्या दिवशी सिद्धाप्पा भीमाशंकर वस्तादाच्या तालमीत गेला. वस्तादानं त्याच्याभोवती एक फेरी मारली. ती पुरी करायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"शेट, हे पोट हाय का सुताचा गठ्ठा?"

"कमी करायचंय, वस्ताद. यात्रेच्या आत."

"यात्रेचं काय काढलंसा मधीच?"

सिद्धाप्पाला मनातली गोष्ट मनात ठेवायची सवय होती. पण पहिल्याच दिवशी पन्नास बैठका मारून दम गेला, की माणूस खरं बोलतो. त्यानं सगळं सांगून टाकलं. वस्तादाला त्यात वावगं काही दिसलं नाही. पहिलवानानं कुस्तीसाठी वजन उतरवावं, तसं यानं तुलेसाठी उतरवावं. "मला बिदागी नको," तो म्हणाला. "तुमचं पोट गेलं की आमच्या तालमीचं नाव निघंल. मग मी गावभर सांगीन."

'बिदागी नको' एवढं ऐकल्यावर सिद्धाप्पानं पुढचं काही ऐकलंच नाही.

पहाटे जोर-बैठका, मग तळ्याला फेऱ्या, मग पोटाला हुलग्याचं पीठ चोळून आंघोळ. दुपारी अर्धी भाकरी, सकाळ-संध्याकाळ हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. पहिल्या आठवड्यात सिद्धाप्पाला स्वप्नंसुद्धा माडग्याची पडू लागली.

"देवाला फशिवताय तुमी," माडग्याची वाटी आपटून हेमावती म्हणाली.

"फशिवतोय कुटं? अव्वा म्हणाली, माझ्या भारंभार. भार माझा हाय. तो किती ठेवायचा ते मी ठरवणार."

"आणि हे चार मण तूप मी कुणासाठी कढवलं तीन वर्षं?"

"त्याचं आता नाव काढू नगंस," सिद्धाप्पा म्हणाला, आणि तुपाच्या नुसत्या नावानं त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

पण माणूस जिद्दीचा. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी मालक पारड्यात, मग सूत. धोंडीराम आकडा वाचायचा आणि सवयीनं टिपून ठेवायचा. पंचाण्णव. ब्याण्णव. सत्याऐंशी. पोट आधी सैल पडलं, मग लोंबलं, मग खरोखर आत गेलं. करदोडा रुतलेल्या जागेतून बाहेर आला आणि एके दिवशी चालता चालता गुडघ्यापर्यंत घसरला. सिद्धाप्पानं तो उचलून कपाळाला लावला. वजन आणखी उतरवायचे उपाय त्याला झोपेतही सुचू लागले. डोईचे केस उतरवले तर? मिशी काढली तर? मिशीचा विचार मात्र त्यानं सोडला. आई जिवंत असताना मिशी काढली तर लोक रडायला येतील, आणि रडायला आलेल्यांना जेवण घालावं लागतं.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. घोळ केला तो धोंडीरामाच्या इमानदारीनं. दर पंधरवड्याला तो शांतम्माला मालकांच्या खुशालीचं कार्ड टाकायचा. या खेपेला खुशालीत नवीन काय लिहावं म्हणून त्यानं टिपणवही उघडली आणि लिहिलं: 'मालकांचे वजन या पंधरवड्यात सहा शेर घटले असून घट चालू आहे. अन्न जात नाही. पहाटे धाप लागते. बाकी सर्व क्षेम.'

तिसऱ्या दिवशी शांतम्मा सर्व्हिस मोटारीतून उतरली ती थेट दुकानात. सिद्धाप्पा तेव्हा पारड्यात बसला होता. आत गेलेले गाल, गळ्याची हाडं, अंगावर दोरीवर टाकल्यासारखा सदरा. म्हातारी दारातच मटकन बसली.

"यप्पा! माझ्या लेकराचं काय झालं हे? परत तोच ताप आला की काय?"

सिद्धाप्पा 'न्हाय गं अव्वा' म्हणणार होता. ओठांवर आलंही होतं. पण म्हातारी पुढं बोलली.

"माझंच चुकलं. तीन वर्षं देवाचं फेडलं न्हाय, म्हणून त्यो कोपलाय. यात्रेची वाट बघायची न्हाय आता. परवाच्या सोमवारी तुला करायची!"

सिद्धाप्पाच्या डोक्यात काटा हलला. यात्रेला अजून वीस दिवस होते. वीस दिवस माडगं. आणि आत्ता, या घटकेला, तो अठ्ठ्याहत्तर शेर होता. ठरवल्यापेक्षाही दोन शेर खाली. त्यानं डोळे अर्धे मिटले आणि जरासा खोकला.

"तू म्हणशील तसं, अव्वा," तो क्षीण आवाजात म्हणाला. "जीव ऱ्हायला तर ऱ्हायला."

धोंडीरामानं मापाकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं आणि वही मिटली.

सोमवारपर्यंतचे दोन दिवस मात्र फार जड गेले. आजाऱ्याच्या तोंडाला चव यावी म्हणून शांतम्मानं स्वतः चुलीपुढं बसून हुग्गी केली. गहू, गूळ, खोबरं, वर तुपाची धार. वास माजघरातून ओसरीवर, ओसरीवरून सिद्धाप्पाच्या पोटात. म्हातारी वाटी घेऊन उशाशी बसली.

"खा की रे दोन घास. मला तर चालत न्हाय, तू तरी खा."

"नगं अव्वा. जात न्हाय," असं म्हणून सिद्धाप्पा भिंतीकडे तोंड करून खरंखुरं रडला. म्हातारीही रडली. दारात उभी असलेली हेमावती तेवढी रडली नाही. तिनं पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते ते वेगळ्या कारणानं.

सोमवारी मैंदर्गीत मल्लय्याच्या देवळापुढं लिंबाच्या फांदीला मोठी तागडी टांगली. सिद्धाप्पानं अंगठी काढली, करदोडा काढला, सदरा काढला. आदल्या दिवसापासून पाणीही बेतानंच प्यायला होता. एका पारड्यात तो बसला. दुसऱ्यात ढेपा चढू लागल्या. गाव श्वास रोखून बघत होतं, आणि सगळ्यांत जास्त श्वास सिद्धाप्पानं रोखला होता, जणू श्वासालाही वजन असतं. अठ्ठ्याहत्तर शेरांवर पारडी समोरासमोर आली. "मल्लय्याच्या नावानं चांगभलं!" असा गजर झाला. म्हातारीनं तीन वर्षांनी गुळाचा खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. त्या क्षणी सिद्धाप्पालाही गलबलून आलं. बावीस शेर वाचले होते.

गूळ वाटून होत आला, तेव्हा गर्दीतून भीमाशंकर वस्ताद पुढं आला. शागीर्दाची तुला बघायला तो सोलापुराहून मुद्दाम आला होता. त्यानं शांतम्माच्या पायाला हात लावला.

"अव्वा, लेक बघा तुमचा! दोन महिनंसुदीक लागलं न्हाईत. बावीस शेर झाडलं का न्हाय? गुळात तेवढीच बचत! हे काम आमच्याच तालमीत होतं, दुसरीकडं कुटं न्हाय."

सिद्धाप्पा खोकला. या खेपेला खोकला खरा होता.

"म्हंजी," शांतम्मा सावकाश म्हणाली, "ताप न्हवता?"

"ताप? अव्वा, दोनशे बैठका मारतोय रोज! बैलागत हाय तुमचा लेक!"

म्हातारीनं जिभेवरचा गूळ शांतपणे संपवला, हात पुसले, लेकाकडे पाहिलं. डोळ्यांनी ती अधू होती. पण तिनंच या पोराला उजळणी शिकवली होती. मग ती उठली, देवळाच्या पायऱ्या चढली आणि घंटा अशी वाजवली की घरी निघालेलं गाव परत फिरलं.

"देवा मल्लय्या!" तिनं आवाज चढवला. "पैलं फिटलं. आता दुसरं ऐक. माझं लेकरू किती वाळलंय ते तू बघतोयस. त्याचा करदोडा पैल्यावानी कमरंत रुतू दे. मग त्याच्या भारंभार पेढं वाटीन!"

"अव्वा!" सिद्धाप्पा जागच्या जागी उडालाच. "अगं पेढं? भारंभार?"

"आणि या खेपंला मी काय सोडणार न्हाय," म्हातारी देवालाच सांगत राहिली. "माझं वय झालं. तवर माझा सिद्धाच पायात जोडा घालणार न्हाय. हे सगळं गाव साक्षीला हाय."

गावानं ताबडतोब चांगभलं केलं. पेढ्यांच्या बाबतीत गावाला दोनदा विचारावं लागत नाही.

चैत्र संपून वैशाख लागला. सोलापुरातल्या दुपारी दगडावर भाकरी टाकली तर भाजून निघेल, अशा रस्त्यांवरून सिद्धाप्पा एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत दुकानात जाऊ लागला. जाडा झाला तर पेढे जास्त लागणार. बारीक राहिला तर तळपाय जाणार. आठ दिवस त्यानं पेढे वाचवून पाहिले. नवव्या दिवशी पायाला फोड आले आणि तो पाटावर बसून म्हणाला, "अगं, तूप वाढ."

हेमावतीनं वाढलं. पण पोटही आता ऐकेना. उड्या मारून, चटके सोसून आणि पेढ्यांची काळजी करून खाल्लेलं सगळं वाटेतच जिरायचं. रोज सकाळी तो पारड्यात बसायचा आणि धोंडीराम दुःखी आवाजात सांगायचा, "अर्धा शेर कमीच भरताय, मालक." तालमीकडे तर सिद्धाप्पा मान वळवूनही बघेना.

पाऊस पडला, रस्ते निवले, तेव्हा कुठं पोट धरू लागलं. दसऱ्याच्या सुमाराला करदोडा पहिल्या जागी जाऊन असा रुतला की काढायला सोनार बोलवावा लागला असता. लिंबाच्या फांदीला पुन्हा तागडी टांगली. या खेपेला सिद्धाप्पानं करदोडा काढला नाही, निघतच नव्हता. एकशे तीन शेर भरले.

शांतम्मानं पहिला पेढा तोंडात घातला, चघळला आणि म्हणाली, "खवा जरा कमी पडला, सिद्धा."

"जोडा घालू का, अव्वा?" सिद्धाप्पानं विचारलं.

"घाल की. आणि परत कधी वाळलास, तर मला कार्ड टाक."

दुकानात परतल्यावर धोंडीरामानं टिपणवही उघडली आणि वाचलेला बावीस शेर गूळ कुठल्या खात्यात दाखवू म्हणून विचारलं. मालकानं घरी विचारून यायला सांगितलं. हेमावती म्हणाली, "तो कवाच संपला. तुमच्या मालकाला जाड करायला हुग्गी लागली न्हाय का?"

देवानं एक पेढाही खाल्ला नव्हता. म्हातारीनं एकच खाल्ला होता. गावानं गूळ आणि पेढे दोन्ही खाल्ले होते. बाकी सगळं सिद्धाप्पानं खाल्लं होतं, आणि फेडलंही त्यानंच होतं. दाखवायला उरले होते ते तळपायाचे घट्टे आणि पहिल्यापेक्षा तीन शेर जास्तीचं पोट.