ठिबक मंडळाची पाहणी

"ज्याला संशय येत न्हाई, त्याला दुनियेत कुणीबी फसवू शकतं!" ओट्यावर मांडी ठोकून काकासाहेब म्हणाले. वाक्य लाखमोलाचं होतं. फक्त ते उच्चारताना त्यांचं बोट 'अभिनंदन, आपण मोटारगाडी जिंकली आहे' या मेसेजवर होतं आणि गाडीचा रंग तेवढा निवडायचा राहिला होता. शेजारच्या शिवाजीने मोबाइल हिसकावून घेतला म्हणून निभावलं.

काकासाहेबांचं गाव अंकुशनगरच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात. तिथल्या कर्त्या बागायतदारांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, 'ठिबक सिंचन मित्रमंडळ'. 'आज ठिबक कुणाच्या विहिरीवर?' एवढाच प्रश्न त्यात रोज पडे आणि दिवस मावळला की मंडळी तिकडे जमत. घरच्या बायकांनी फोन पाहिला तरी धास्ती नव्हती. नवरा शेतीत लक्ष घालतोय, याहून बायकोला काय हवं?

या ग्रुपवर एके सकाळी शिवाजीने एक लिंक टाकली. फेसबुकवरच्या 'चखणा कट्टा' नावाच्या समूहातून ती त्याने उचलली होती. 'ग्रामीण मराठवाड्यातील सामाजिक मद्यपान : एक पाहणी. आपलं नाव गुप्त राहील.' खाली प्रश्न होते. आपलं गाव कोणतं? आपण पिता का? कोणाबरोबर? लग्नकार्यात पिता का? घरी माहीत आहे का? शेवटी नाव, आकांक्षा, समाजशास्त्राची विद्यार्थिनी.

"भरून टाकू की," शिवाजी म्हणाला. "नाव गुप्त राह्यतं म्हणे."

"गुप्त? मंग गावाचं नाव कशाला इचारून राह्यली?" काकासाहेबांचे डोळे बारीक झाले. "आन् लग्नकार्याचं हिला काय करायचंय?"

त्यांचा संशय हवेतला नव्हता. मुलगा रामप्रसाद जालन्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर होता. त्याच्यासाठी स्थळं पाहता पाहता काकासाहेबांच्या चपला झिजल्या होत्या. शेवटी शहागडच्या अण्णासाहेबांची तृप्ती पसंत पडली, तिलाही मुलगा आवडला. अण्णासाहेब मात्र निघताना एवढंच म्हणाले होते, "चौकशी करून कळवतो." तेव्हापासून काकासाहेबांना घास गोड लागत नव्हता.

"आपल्या येळंला चौकशी कशी व्हायची?" त्यांनी शिवाजीला विचारलं. "एक माणूस यायचा. फाट्यावरच्या हॉटेलात चहा मागायचा. सहज इचारल्यावानी इचारायचा, पोरगं कसंय, बाप घेतो का. आता माणूस धाडायचा खर्चा कोण करतं? लिंक धाडली!"

"पर ही आकांक्षा कोण?"

"तृप्तीच्या बहिणीचं नाव काय?"

"प्रिया."

"मंग मामेबहीण असंल. बराबर हाय. सख्खीला कोण धाडंल?"

तासाभरात मंडळाला हुकूम सुटला. 'आपण पिता का?' या प्रश्नाला सगळ्यांनी 'नाही' लिहिलं. 'का पीत नाही?' याला प्रत्येकाने आपापल्या स्वतंत्र बुद्धीने एकच उत्तर दिलं, 'रामप्रसादचं वळण पाहून.' शिवाजी भावनेच्या भरात आणखी पुढे गेला. त्याने काकासाहेबांचा नंबर दिला आणि लिहिलं, 'आमच्या शिवारात दारूचा नुसता वास आला तरी म्हैस पान्हा चोरते.' गंमत म्हणजे रामप्रसाद खरोखरच पीत नव्हता. पण हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आकांक्षा आधी चक्रावली, मग भारावली. तिने चखणा कट्ट्यावर गावाचं नाव घालून, म्हशीच्या पान्ह्यासकट लिहिलं, 'अख्खं गाव निर्व्यसनी!' ते इकडून तिकडे, तिकडून शहागडला गेलं. मग काकासाहेबांना तिचा फोन आला. "काका, आमच्या मॅडमना हे खरंच वाटत नाहीये. रविवारी मुलाखतीला येऊ?" फोन ठेवतात न ठेवतात तोच अण्णासाहेबांचा आला. "रविवारी येतो. समक्ष बोलायचंय."

"दोघं एकाच दिवशी!" काकासाहेब शिवाजीला म्हणाले. "आता सांग, माझा संशय खोटा हाय का?"

रविवारपर्यंत गावातल्या विहिरी स्वच्छ झाल्या. शिवाजी पोतं मोटारसायकलवर लादून उसाकडे निघाला तेव्हा ते इतकं किणकिणत होतं की वाटेत कुणीतरी हात जोडले.

आकांक्षा आली. काकासाहेबांच्या बायकोने, नंदाबाईंनी, तिला पोहे दिले, वर पोरीची जात म्हणून खण-नारळाने ओटी भरली. समाजशास्त्रात हे शिकवलेलं नसल्याने ती गोंधळून बसून राहिली. तेवढ्यात अण्णासाहेब आले.

"ही तुमची लेक?" त्यांनी विचारलं.

"आमची? तुमचीच की!" काकासाहेब सगळं ओळखल्यासारखे हसले.

"आमच्यात न्हाई बुवा अशी कुणी."

"मी पाहणीसाठी आलेय," आकांक्षा म्हणाली.

तालीम झकास झालीय, असं काकासाहेबांनी मनात म्हटलं.

अण्णासाहेब टोपी मांडीवर ठेवून घसा खाकरले. "पाव्हणे, मोबाईलवर वाचलं. पुरं गाव निर्व्यसनी. म्हणून समक्ष आलो. हे जमायचं न्हाई."

काकासाहेब पुढे सरकले. "म्हंजी?"

"जावई निर्व्यसनी पायजे, बिलकुल पायजे. पर व्याही बी? आन् पुरं गाव? माझे भाऊ, साडू, मेव्हणे, सगळे बसणारे. हळदीला हितं आले तर त्यान्ला ताक पाजता का? आन् उद्या तुमच्या म्हशीनं पान्हा चोरला तर बोल माझ्या पोरीला!"

काकासाहेबांच्या ओठावर 'आम्ही बी बसतो' आलं होतं. पण संशयाने जीभ धरली. ही शेवटची परीक्षा असणार. इथं 'हो' म्हटलं की गेलो! दारात रामप्रसाद पडल्या चेहऱ्याने उभा होता.

"आम्ही वासबी घेत न्हाई," काकासाहेब म्हणाले.

"मंग सपलंच म्हणा." अण्णासाहेबांनी टोपी घातली आणि ते उठले.

"भाऊ, बसा." नंदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "यांच्या मंडळाचं नाव ठिबक. आमच्या रानात ठिबकचा एक पाईप न्हाई, सारा ऊस पाटाच्या पाण्यावर हाय. तरी हे रोज ठिबक बघायला जातेत आन् येताना तोंडभर बडीशेप खाऊन येतेत."

कोपऱ्यात बसलेला शिवाजी आढ्याचे वासे मोजू लागला.

"तुला... म्हाईत व्हतं?" काकासाहेबांनी विचारलं.

"सगळ्या बायांना म्हाईत हाय. आमचा बी ग्रुप हाय."

आकांक्षाने पोह्यांची बशी खाली ठेवली. "मावशी, मला घ्याल त्या ग्रुपमध्ये?"

"घेते की. पर आमच्यात नावं गुप्त नसतेत, बाई."

अण्णासाहेब पुन्हा खाली बसले, चांगले ऐसपैस. इतके दिवस या घरात अंग चोरून बसणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच पाय पसरले. रामप्रसादकडे पाहून त्यांनी मान हलवली, काकासाहेबांच्या गुडघ्यावर थाप मारली आणि आवाज खाली आणून ते नंदाबाईंना म्हणाले, "विहीणबाई, सांजच्याला थोडे शेंगदाणे भाजून ठेवा. मीठ तेवढं लावू नका, मला बीपी हाय."