नाना खैरनारांची विकाऊ गाडी

आमच्या सातपूरच्या कॉलनीत तिसऱ्या घराच्या फाटकावर एक पाटी होती. तिच्यावर सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'इटालियन गाडी विकणे आहे.' आणि खाली, त्याहून सुबक अक्षरांत, 'चौकशी करू नये.'

पाटी रंगवणारे गृहस्थ म्हणजे नाना खैरनार, माझे शेजारी. कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांच्या लेखी वीतभर. नाना सकाळी उठायचे तेच रागावलेले. दूधवाल्यावर, पेपरच्या घडीवर, नळाच्या धारेवर. साधे चिडले तर पुस्तकी मराठी बोलायचे. खरोखर संतापले की सटाण्याकडची अहिराणी बाहेर यायची. ती सुरू झाली की वहिनी शांतपणे दार आतून लावून घ्यायच्या.

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये त्यांना ही गाडी सापडली. कुणा परदेशी इंजिनियरने साठच्या दशकात आणलेली आणि जाताना इथेच टाकून दिलेली. दोन दारांची, दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण माझा उच्चार नानांनी शेवटपर्यंत पास केला नाही. सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. घरी आली ती कांद्याच्या ट्रॉलीतून. वहिनी बाहेर आल्या.

"हे काय?"

"गाडी."

वहिनींनी ट्रॉलीवरून एकदा नजर फिरवली. "कुठाय?"

पुढची दहा-अकरा वर्षं ती गाडी त्यांच्या पोर्चमध्ये बनत होती आणि वहिनी घरात आडव्या होऊन शिरत होत्या. इंजिन नानांचं, पत्रा युनूसभाईंचा. युनूसभाईंचं जुन्या नाशकात डेंटिंगचं दुकान होतं. गाड्यांचे चेपलेले पत्रे ते हातोडीने असे सरळ करायचे की मालकाला आपली गाडी ठोकली होती हेच आठवू नये. दर रविवारी ते सायकलवर यायचे आणि दिवसभर दोघं भांडायचे.

"पत्रा ठोकतोयस की पापड लाटतोयस?" नाना विचारायचे.

"तू तेरा इंजिन देख नाना. पत्रा तेरेकू क्या समझता?"

मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून माझ्याकडे पत्रव्यवहार आला. इटलीत एका म्हाताऱ्या मेकॅनिकचा पत्ता नानांनी कुठूनसा मिळवला होता. नाना येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे. "लिहा मास्तर. ज्याने हा कार्ब्युरेटर काढला त्याला आधी चाबकाने फोडा. मग त्याचा नकाशा पाठवा." मी लिहायचो, 'आदरणीय महोदय, माझे मित्र आपणास तसदी देत आहेत, क्षमस्व.' अशी सहा-सात पत्रं गेली. एकदा नकाशाबरोबर त्या म्हाताऱ्याची चिठ्ठी आली की, आपल्या मित्राइतका नम्र माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. नानांनी मला ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "माणूस चांगला दिसतो. पण त्याचा काहीतरी गैरसमज झालाय."

दोन हजार दोन साली गाडी तयार झाली. गडद लाल. पहिल्यांदा चालू केली तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. आता ही विकायची, असं नानांनी जाहीर केलं. "उभी गाडी सडते. माझे गुडघे गेले. ज्याला चालवता येते त्याच्याकडे ती गेली पाहिजे." पाटी लागली आणि गिऱ्हाइकं यायला लागली. पाटी वाचूनही यायची, त्याचा राग वेगळा.

कॉलेज रोडच्या एका बिल्डरला ती मुलाच्या वरातीसाठी हवी होती. नाना म्हणाले, "घोडं घ्या. घोडं सहनशील असतं." दुसऱ्याने खिडकीत डोकावून विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" नानांनी चष्मा काढला. "आपल्या तीर्थरूपांना कधी विचारलंत का, ॲव्हरेज किती देता म्हणून?" तिसऱ्याला आत एसी बसवायचा होता. त्याच्यासाठी नुसतं फाटक उघडून धरलं गेलं.

इथवर मला मजा वाटायची. नंतर वाटेनाशी झाली.

वहिनींची कंबर धरायला लागली होती. आडवं होऊन घरात शिरणं त्यांना जमेना. त्या मला एकदा म्हणाल्या, "मास्तर, तुमचं ऐकतात ते. काहीतरी करा." मी इंग्रजी पेपरात जाहिरात दिली, मुंबईच्या एका संग्राहकाशी फोनवर दहा वेळा बोललो, शाळेतून रजा घेतली. संग्राहक आला, सोबत एक जाणकार घेऊन आला. जाणकाराने दोन तास गाडी तपासली. शेवटी म्हणाला, "असं काम मी हिंदुस्थानात बघितलेलं नाही. सांगाल ती किंमत देऊ. फक्त हे पुढचं डावं मडगार्ड जरा लाटल्यासारखं झालंय. उजेडात लाटा दिसतात. ते आम्ही नवीन करून घेऊ."

नाना अगदी हळू म्हणाले, "नही इकनी माले. निंघा आठून."

आत वहिनींनी दार लावल्याचा आवाज आला.

पाहुणे गेल्यावर मी उभ्या आयुष्यात ओरडलो नसेन इतका ओरडलो. म्हणालो, तुम्हाला गाडी विकायचीच नाहीये. तुम्हाला रोज कुणाला तरी हाकलायला मिळतं, तेवढ्यासाठी ही पाटी आहे. बायको भिंतीला घासत घरात जाते, ते तुम्हाला दिसत नाही. माझी रजा, माझा फोन, माझं तोंड, सगळं फुकट घालवलंत. एका मडगार्डसाठी. नाना फडक्याने मडगार्ड पुसत राहिले. "झालं तुमचं?" म्हणाले. मी म्हटलं, कायमचं झालं. आणि बोलणं टाकलं.

तरी तो राग काही जिरेना. वर्गात फळ्यावर खडू मोडायला लागले. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्कूटर काढली आणि तडक जुन्या नाशकात युनूसभाईंकडे गेलो. मनात वाक्यं तयार होती. तुमच्या मित्राला वेड लागलंय, आणि त्याचं कारण तुमचं ते डावं मडगार्ड आहे. या, ते परत ठोका आणि आम्हाला सोडवा.

दुकान बंद होतं. शेजारी ओट्यावर युनूसभाई बसले होते. दीड-दोन वर्षांत त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते, एकसारखे, वाऱ्यात पत्रा हलावा तसे. कंपवात झाला होता.

"आओ मास्तर," ते हसले. "गाडी बिकी क्या?"

"नाही अजून. युनूसभाई, ते पुढचं डावं मडगार्ड..."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "वो देखा तुमने? वो मेरा आखरी काम. तब हाथ चालू हुआ था हिलने का. दूसरा कोई चार दिन में करता, मेरेकू चार महिने लगे. मेरी उंगली को तो कुछ समझताच नहीं था. मैंने नाना को बोला, तू हाथ फेर और सच्ची बोल. टेढ़ा होगा तो निकाल के फेंक दे, मैं बुरा नहीं मानूंगा." थरथरता हात त्यांनी हवेत एकदा फिरवला, मडगार्डवरून फिरवावा तसा. "नाना ने आँख बंद करके हाथ फेरा. बोला, काच है युनूस. तुमको मालूम है नाना कैसा है. उसने कभी किसी की तारीफ की है?"

मी म्हटलं, "नाही."

"हाँ बोलो, मडगार्ड का क्या?"

मी म्हटलं, "सगळे तेच बघतात."

त्यांनी चहा मागवला. मी तो पिऊन निघालो.

घरी न जाता नानांच्या फाटकातून आत गेलो. ते गाडीखाली होते, फक्त पाय बाहेर. मी म्हणालो, "युनूसभाईंकडे जाऊन आलो." पाय स्थिर झाले. नाना सरपटत बाहेर आले. त्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच राग सोडून दुसरं काहीतरी पाहिलं.

"सांगितलं तर नाही ना?"

"नाही."

टूलबॉक्सवर टेकत मी विचारलं, "नाना, मडगार्ड मुंबईला नेऊन बदललं असतं त्या संग्राहकाने. युनूसभाईंना कुठे कळणार होतं?"

"मला कळलं असतं," नाना म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, "आणि बसताय कशाला त्या टूलबॉक्सवर? ती खुर्ची आहे का?"

पुढच्या गिऱ्हाइकाला मीच फाटकाबाहेर गाठलं. पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, पन्नाशीच्या, स्वतः जुन्या गाड्या चालवणाऱ्या. त्यांना मी सगळं सांगितलं. बाई आत गेल्या, इंजिन ऐकलं, गाडी चालवून आणली. मडगार्डबद्दल अवाक्षर नाही. नाना अस्वस्थ झाले. फसवून विकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"डावं मडगार्ड बघितलं नाहीत तुम्ही."

"बघितलं."

"मग?"

"मग काही नाही. ते असंच राहील."

नानांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. "मास्तर, लिहून घ्या," ते म्हणाले. मी विक्रीपत्रात इंग्रजीत कलम घातलं की, पुढच्या डाव्या मडगार्डला हातोडी, पुट्टी किंवा नवा पत्रा लावता येणार नाही. बाईंनी सही केली. असं कलम त्यांच्या वकिलाने पाहिलं नसेल.

गाडी सोमवारी जायची होती. रविवारी सकाळी नाना तिला घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, पेट्रोल भरायला. अकराच्या सुमारास मी गंगापूर धरणाच्या रस्त्याने नातेवाइकांकडे निघालो होतो, तेव्हा एका टपरीपाशी लाल रंग दिसला. आजूबाजूला पोरांचा घोळका होता. एक पोरगा बॉनेटवर कोपर टेकून उभा होता आणि नाना त्याला काहीच म्हणत नव्हते.

दरवाजा उघडा होता आणि सीटवर युनूसभाई बसले होते, नवा कुर्ता घालून. कपातला चहा त्यांच्या हातून सांडत होता. नाना रस्त्यावर उकिडवे बसले, गेलेल्या गुडघ्यांवर. कप त्यांच्या हातातून घेतला, चहा बशीत ओतला, दोनदा फुंकर मारली आणि बशी त्यांच्या ओठांपाशी धरली.

"सावकाश," ते म्हणत होते. "गरम शे."

मी स्कूटर न थांबवता पुढे गेलो.